सवारीचं वजन

कमलाकांतनं रिक्षात चढायला हात दिला आणि शैलाची बोटं त्याच्या मनगटावर टेकली, तेव्हा एक ठोका आला नाही. समोर बॅंड वाजत होता. अंबादेवीच्या देवळापुढे सकाळच्या थंडीत माणसं कानाला मफलर गुंडाळून उभी होती, कुणीतरी रिक्षाच्या टपाला झेंडूचं तोरण बांधत होतं, आणि तिला आधी वाटलं की या आवाजात आपल्या बोटांनाच नीट कळलं नसेल. मग दोन ठोके घाईनं, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे आले. मग मोठी मोकळी जागा. आणि त्यानंतर एकच जोराचा, आतून दाराला लाथ बसावी तसा. तोवर ती सीटवर बसली होती आणि हात सुटला होता. कमलाकांत हसत होता. वकिलीचा काळा कोट त्यानं आज घातला नव्हता, खादीचा सदरा आणि खाकी अर्धी विजार घातली होती, आणि त्या विजारीखालच्या त्याच्या पोटऱ्या इतक्या पांढऱ्या होत्या की बायका पदराआड हसत होत्या. त्यानं पायडलवर पाय ठेवला, लोकांनी जयजयकार केला, आणि रिक्षा निघाली. मागे पत्र्यावर निळ्या अक्षरांत रंगवलं होतं: अमरावती ते मुंबई, स्त्रियांच्या क्षय-वॉर्डासाठी.

कॉलेजात ती दर वर्षी मुलांना बेडकाचं हृदय दाखवायची. बेडूक मेलेला असतो, म्हणजे त्याचा मेंदू आणि कणा सुईनं निकामी केलेला असतो, पण छाती उघडली की हृदय चाललेलं दिसतं. त्याच्या टोकाला बारीक आकडा अडकवायचा, आकड्याचा दोरा एका हलक्या काडीला बांधायचा आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकवायचं. कागद गुंडाळलेला ढोल हळूहळू फिरतो आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटत जाते, चढ, उतार, चढ, उतार. मध्येच विजेचा हलका धक्का दिला तर एक ठोका वेळेआधी येतो, आखूड, आणि पुढे रेघ सपाट जाते. त्या सपाट जागेशी मुलं दर वर्षी गप्प होतात. कुणीतरी एक मुलगी विचारतेच, ‘बाई, मेलं का हो ते?’ आणि शैला म्हणते, ‘थांबा.’ मग मोठा चढ येतो आणि वर्ग सुटकेनं हसतो. तिला त्या हसण्याची सवय झाली होती. आता ती कमलाकांतच्या पाठीमागे, हातभर अंतरावर बसली होती, आणि सदऱ्याच्या कॉलरपाशी मानेची जी एक शीर उडत होती तिच्याकडे पाहत होती. तिथे सपाट जागा आली की ती मनात म्हणायची, थांबा. पण इथे धक्का कोण देत होतं ते तिला माहीत होतं. धक्का ती स्वतः होती. साडी, शाल, चपला, पाण्याची कळशी आणि ती.

सायकल-रिक्षा हे वाहन एवढ्या लांबच्या रस्त्याचं नव्हे हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते निवडलं होतं. मोटारीतून वर्गणी मागत जाणाऱ्याला पाहायला कोण घराबाहेर येतं? वऱ्हाड गेल्याच वर्षी मुंबई राज्यात गेलं होतं. इतकी वर्षं अर्ज घेऊन नागपूरला जाणाऱ्या लोकांना आता मंत्री मुंबईला भेटणार होते, आणि कमलाकांत बाररूममध्ये म्हणाला होता, ‘एवढ्या लांब जायचंच तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ.’ त्यानं चंद्रभान नावाच्या एका रिक्षावाल्याचा खटला चालवला होता, त्याच्याचकडून त्यानं रिक्षा मागून घेतली, कॉलेजच्या मैदानावर आठ-पंधरा दिवस फिरवली, दोनदा कुंपणात घातली. वॉर्डासाठी नेमलेल्या समितीत प्रश्न निघाला तो सवारीचा. रिकामी रिक्षा ओढत नेण्यात काही अर्थ नाही असं सगळ्यांचं मत पडलं. वॉर्ड बायकांसाठी, तेव्हा सवारी बाईच हवी. बाकीच्यांच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. नवऱ्यानं ओढलेल्या रिक्षात गावोगाव बसून फिरायचं! शैलाला कुणी विचारलं नव्हतं. तिनं नाही म्हटलं नाही एवढंच झालं होतं.

बडनेऱ्याच्या पुढे रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या. सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या त्या गाड्यांतून कापूस सांडून कडेच्या बाभळींना चिकटला होता, आणि काटेरी फांद्यांवर तो इतका स्वच्छ दिसत होता की तिला कुठल्याशा परजीवी बुरशीची आठवण आली. गाडीवाले बैल थांबवून पाहायचे. एकानं तोंडात विडी तशीच ठेवून विचारलं, “कावून बावा, बैल मेले का तुमचे?”

“बैल चांगले आहेत,” कमलाकांत धापेतूनच म्हणाला, “माणसाची परीक्षा चालू आहे!”

“मंग पास व्हा, साहेब. बाई बसून राह्यल्या मास्तरनीवानी.”

सगळे हसले, कमलाकांतही हसला, आणि हसताना त्याच्या मानेची शीर चुकली. चढ आला तशी ती म्हणाली, “थांबवा, मी उतरते. एवढं टेकाड चालते.” तो म्हणाला, “बस गं. लोक बघताहेत.” लोक म्हणजे ते दोन गाडीवाले आणि तुरीच्या शेतातली एक म्हातारी. टेकाडापलीकडे कुणीच नव्हतं, तिथे तिला उतरता आलं असतं, पण तिथे उतार होता. दिवसभर असंच होत गेलं. जिथे चढ तिथे गाव. गावं उंचावर वसवतात, पुराच्या भीतीनं, हे तिला अगदी लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा असा अर्थ तिनं कधी लावला नव्हता.

लोणीला जानराव नावाचा शेतकरी शाळेपुढे पोतं घेऊन उभा होता. पोतं म्हणजे अर्धं पोतं, जवारीचं. “पैसा कापूस इकल्यावर येईन, वकीलसाहेब,” तो म्हणाला. “आज घरात हे हाये. आमच्या भावजयीले तुमच्या अमरावतीतच नेलं होतं दोन वर्साखाली. खाट नाई म्हने.” एवढं बोलून त्यानं पोतं उचललं आणि शैलाच्या पायाशी ठेवलं. तिनं पाय वर घेतले. पत्रकात छापलं होतं, रोख अथवा धान्यरूपाने. आणि पुढे, गोळा झालेले सर्व धान्य याच रिक्षातून अकोल्यास नेऊन तेथे जाहीर लिलाव होईल. वऱ्हाडात सप्ताह असो, शाळा असो, धान्य मागायचंच असतं, आणि मागायला जाणारे बैलगाडी घेऊन जातात. समितीनं सवयीनं वाक्य लिहिलं आणि या खेपेला गाडी कसली आहे हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. तिच्याही नाही; प्रूफ तिनं वाचलं होतं, तिनं अनुस्वार तपासले होते. जानराव म्हणाला, “जड होत असन तं मी गाडी जुपतो, अकोल्याले पोचवून देतो.” शैलाला वाटलं, आता. आता हो म्हणा. पण शाळेची मुलं रांगेत उभी होती, मागे चार घरांतले चार जण आपापल्या पाट्या घेऊन उभे होते, आपली जवारी त्या रिक्षात जाताना पाहायला आले होते. कमलाकांत म्हणाला, “छापलंय तसंच होणार, जानराव.” कोर्टात बोलायचा तसा बोलला. छापलेल्या शब्दावर त्याचा आयुष्यभर विश्वास होता.

सिंधू त्याची धाकटी बहीण. शैला लग्न होऊन आली त्या वर्षी सिंधूला रक्ताची गुळणी झाली. जिल्ह्याच्या इस्पितळात क्षयाच्या बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, म्हणून तिची खाट व्हरांड्यात टाकली होती. वैशाख होता. सकाळी व्हरांडा बरा असायचा. मग ऊन पायरीवरून वर यायचं, खांबाची सावली सरकायची, आणि ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं की शैला आणि सासूबाई मिळून खाट भिंतीकडे ओढायच्या. थोड्या वेळानं पुन्हा. दोन वाजेपर्यंत खाट भिंतीला टेकायची आणि मग सरकवायला जागा उरायची नाही. ऊन मात्र यायचं थांबायचं नाही. सिंधू पाय पोटाशी घ्यायची. ‘वहिनी,’ ती म्हणायची, ‘आता भिंत सरकवा.’ आणि खोकत हसायची. कमलाकांत तेव्हा नागपूरला वकिलीच्या शेवटच्या परीक्षेला बसला होता. परीक्षा होऊ द्या, मग कळवू, असं मामंजींनी ठरवलं. तो आला तेव्हा व्हरांड्यात दुसऱ्या कुणाची तरी खाट होती. तो तिथे बराच वेळ उभा राहिला होता, अनोळखी बाईच्या खाटेपाशी, आणि त्या बाईच्या नवऱ्यानं त्याला विचारलं होतं, आपण डॉक्टर का? इतक्या वर्षांत तो त्या उन्हाबद्दल एकदाही बोलला नव्हता, कारण ते ऊन त्यानं पाहिलं नव्हतं. शैलानं पाहिलं होतं. म्हणून त्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला सर्वांत कमी आहे, असं तिला वाटायचं. तिनं त्या दिवसांत खाट सरकवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि आता तर बसण्यापलीकडेही काही करत नव्हती.

कुरूमच्या बायकांनी तिची ओटी भरली. रिक्षा देवळापाशी थांबली तेव्हा मैनाबाई नावाची एक उंच, काळीसावळी बाई ताट घेऊन पुढे आली. नवऱ्यामागे ती गावची पाटीलकी सांभाळत होती असं कुणीतरी सांगितलं. तिनं आधी कमलाकांतला ओवाळलं, मग शैलापुढे पदर पसर म्हणून खूण केली. खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी.

“पुरे हो,” शैला म्हणाली. “रिक्षात जागा नाही.”

“ओटीले जागा लागत नाई, बाई,” मैनाबाई म्हणाली. “लेकरं किती?”

“नाहीत.”

मग मैनाबाईनं मागे वळून कुणाला तरी सांगितलं, “वच्छले, घरातला मोठा नारय आन.” तो आला. तो सर्वांत जड होता. शैलाचा ओटीवर विश्वास होता असं म्हणता आलं नसतं. पण भरलेली ओटी वाटेत उतरवायची नसते, कुणाला द्यायची नसते, घरी न्यायची असते, हे विश्वासाच्याही खाली कुठेतरी, तोल सांभाळण्यासारखं, तिच्या अंगात होतं. पदराची गाठ मांडीवर घेऊन ती बसली. कमलाकांत पायडलवर उभा राहिला. त्याच्या पाठीची दोन्ही पाती सदऱ्याआडून वर आली, खाली गेली. गावाबाहेर तिनं गाठ मांडीवरून सीटवर ठेवली, आणि मग लक्षात आलं की त्यानं वजनात काहीच फरक पडत नाही. हे पहिल्या वर्षाची मुलंही सांगू शकली असती. तरी तिनं गाठ पुन्हा मांडीवर घेतली नाही.

वाटेतल्या एका शाळेत रात्र काढून दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली त्यांनी भाकरी सोडली. तो उताणा पडून पानांकडे पाहत होता. ओठ किंचित निळसर दिसत होते, पण सावलीत सगळ्यांचेच दिसतात.

“हात द्या जरा,” ती म्हणाली.

“कशाला?”

“द्या तर.”

त्यानं हात डोक्याखाली घेतला. “मला कळतं ते,” तो म्हणाला. “छातीत मासा उलटल्यासारखं होतं. पावसाळ्यापासून होतंय.”

“आणि मला बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर आली असतीस का?”

“मी आले म्हणून तर हे ओझं आहे. मला मूर्तिजापुरात उतरवा. मी आगगाडीनं अकोल्याला जाते, तुम्ही रिकामी घेऊन या.”

“वा!” तो हसला. “रिकामी रिक्षा घेऊन एकटा निघालो तर पोलीस धरतील. म्हणतील, वकिलानं अशिलाची रिक्षा पळवली.”

ती हसली नाही. तेव्हा तो उठून बसला आणि गवताची काडी मोडत म्हणाला, “हे बघ. मी थांबलो तर दिलेलं कुणी परत मागणार नाही. पण पुढचा कुणी देणार नाही. लोक म्हणतील, दमला वकील. एवढंच लक्षात राहील लोकांच्या. वॉर्ड कुणाच्या लक्षात राहील?”

“अकोल्याला डॉक्टर आहेत ना, तुमच्या समितीचे.”

“भगवंतराव. हो.”

“त्यांना दाखवा. ते थांबा म्हणाले तर?”

त्यानं मोडलेली काडी टाकून दिली. वर कुठेतरी पोपट पानं कुरतडून टाकत होते. “तर थांबतो,” तो म्हणाला. तिनं त्याला शपथ घातली नाही. तो दिलेला शब्द पाळायचा. त्यानंतर तिला अकोला दिसू लागलं. प्रत्यक्षात दिसत नव्हतं, दिसत होत्या नुसत्या पऱ्हाटीच्या काळ्याभोर ओळी आणि तारेचे खांब, पण प्रत्येक खांबाशी ती स्वतःला सांगत होती की हा एक कमी झाला. भगवंतरावांचा चेहरा तिनं पाहिलेला नव्हता, म्हणून मनात तिनं त्यांना एक चांगला चेहरा दिला, शांत, चष्मा कपाळावर सरकवलेला, कान नळीकडे लावून दुसरीकडे पाहणारा. असा माणूस सपाट जागा ऐकेल. मग तिला काहीच म्हणावं लागणार नाही.

काटेपूर्णेच्या पुलाकडे रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे तसाच वर चढतो. तोवर पायाशी पोती तीन झाली होती. चढावर कमलाकांत खाली उतरला आणि हॅंडल धरून रिक्षा ओढू लागला, आणि तीही उतरली, कारण इथे खरोखरच कुणी नव्हतं. ती सीटच्या बाजूनं, थोडी मागे चालत होती. जानरावच्या पोत्याचं तोंड तिच्या हाताच्या उंचीवर होतं. सुतळीची गाठ तिनं केव्हा सैल केली हे तिला नीट आठवलं नसतं. बोटं आपोआप गेली, प्रयोगातला एखादा चिमटा सैल करावा तशी. जवारी आधी दाणा दाणा पडली, मग बारीक धार लागली. चाकाच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती. मागे रस्त्यावर पिवळट रेघ उमटत गेली, आणि रेघेवर आधी चिमण्या आणि मग दोन पारवे उतरले. तिला हलकं वाटलं. खरं तर इतक्या जवारीनं काहीच हलकं होणार नव्हतं, पण पोतं खाली बसत होतं, ते दिसत होतं. आणि जानरावची भावजय, खाट नाई म्हने, तीही दिसत होती, एक चेहरा नसलेली बाई, कुठल्याशा भिंतीला टेकलेली. शैलानं हात काढून घेतला नाही.

“ओ बाई! ओ बाई, थांबा!”

मागून एक रिकामी बैलगाडी येत होती. गाडीवाला उडी मारून उतरला, धोतराचा ओचा खोचला आणि पाखरं हाकलू लागला. “तुमची जवारी सांडून राह्यली ना जी! ध्यान कोठी आहे तुमचं?” कमलाकांत थांबला, चाकाला दगड लावला, मागे आला. गाडीवाल्याचं नाव सहदेव होतं, त्यानं ते मागाहून सांगितलं. त्यानं उपरण्यात रस्ताभरची जवारी भरली, माती फुंकून, खडे वेचून, नदीपर्यंत मागे जाऊन. शैला तशीच उभी राहिली. मग त्यानं मागच्या पत्र्यावरची अक्षरं एकेक करून वाचली, डोकं खाजवलं, गाडीत जाऊन एक लहान पोटलं आणलं. “बियाले ठेवली होती,” तो म्हणाला. “घ्या. दानाचं धान्य सांडणं बरं नाई, भर घालाव लागते.” त्यानं ते पोत्यात रिचवलं आणि सुतळीची अशी गाठ मारली की ती सुरीशिवाय सुटली नसती. “आता नाई सांडत,” तो तिला म्हणाला, धीर दिल्यासारखा. कमलाकांतनं त्याला नमस्कार केला. मग त्यानं शैलाकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं. हॅंडल धरून तो पुन्हा वाकला. चढ संपेपर्यंत त्याच्या तोंडून एक बारीक आवाज येत होता, शिट्टीसारखा. तो स्वतः काढत नव्हता.

भगवंतरावांचा चेहरा गोल आणि लाल होता, चष्मा नव्हता. बोरगावच्या पुढे अकोल्याची मंडळी सायकलींवरून सामोरी आली होती, चौकात मांडव होता, लाउडस्पीकर होता, जवारीचा लिलाव झाला आणि स्वागताच्या एका नारळासाठी सरकीच्या दोन व्यापाऱ्यांत चढाओढ लागली. शैला मांडवाच्या मागे भगवंतरावांना गाठू शकली तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत हार होते. तिनं शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. ठोका वेळेआधी येतो, मग विराम, मग जोराचा. श्रम वाढले की वाढतं. ओठांचा रंग. चढावरचा आवाज. ती जसं बोलत गेली तसं तिला वाटलं की आपण फार नीट बोलतो आहोत, वर्गात बोलतो तसं, आणि त्यामुळं ते खरं वाटत नाहीये.

“तुम्ही कॉलेजात काय शिकवता, वहिनी?”

“प्राणिशास्त्र.”

“म्हणजे बेडूकच ना?” ते मोठ्यानं हसले. “अहो, माणसाचं काळीज अन् बेडकाचं एक असतं का? एवढा माणूस आज दीडशे गाड्यांची धूळ खाऊन आला, दम लागणार नाही तर काय! बरं, तुमच्या समाधानासाठी बघतो. चला.”

त्यांनी बघितलं ते मांडवातच, खुर्चीवर, सगळ्यांसमोर. कमलाकांतनं शब्द पाळला आणि हात पुढे केला. भगवंतरावांनी घड्याळ काढलं, एक हात वर केला, आणि लाउडस्पीकरसुद्धा गप्प झाला. शैलाला कमलाकांतची मान दिसत होती. शीर उडत होती, एकसारखी, शांत, समान अंतरावर, दोन दिवसांत रस्त्यावर ती एकदाही अशी चालली नव्हती. विश्रांतीत असं होतं, तिला माहीत होतं. बसल्यावर पंधरा मिनिटांत रेघ सुरळीत होते, त्यात काही आश्चर्य नाही. पण ती वाट पाहू लागली. चूक, ती मनात म्हणत होती, एकदाच चूक. नवऱ्याचं काळीज चुकावं म्हणून आपण वाट पाहतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, आणि तरी ती पाहत राहिली. “टॉवर-क्लॉकसारखी चालते!” भगवंतरावांनी जाहीर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलाकांतनं गर्दीतून तिला शोधलं आणि तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या, एखाद्या मुलानं शाळेतला दाखला आणून दाखवावा तशा. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. सुटकाही नव्हती. तिला वाटलं, तोही चुकण्याची वाट पाहत होता. पण हे तिनं पुढे कितीही वेळा आठवलं असतं तरी तिला खात्री देता आली नसती.

सकाळी रिक्षा धुऊन उभी केली होती. पोती गेली होती, नारळ गेले होते, तिची ओटी भगवंतरावांच्या घरी देवापाशी ठेवून घेतली होती, अमरावतीला पोचवू म्हणून. टपाला नवं तोरण होतं. शैला कमलाकांतपाशी गेली आणि फक्त त्याला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “मी बसणार नाही.”

तिनं रात्रभर याची जुळवाजुळव केली होती. तो काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं. पण तो म्हणाला, “बरं.” चेनला तेल घालत होता, हात काळे झाले होते. “खरंच, तू दमलीस. दुपारच्या गाडीनं अमरावतीला जा. मी रिकामीच नेतो. बाळापूरपर्यंत ओळखीचं कुणी नाही.” आणि क्षणभर थांबून, तेलाच्या हातानं तिला न शिवता, “हलकी जाईल,” तो म्हणाला.

तिला एकदम इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं होतं तर हे तिनं अंबादेवीसमोरच म्हणायला हवं होतं. रिकामी रिक्षा, सपाट रस्ता, थंड हवा. कुणास ठाऊक, त्यात माणूस मुंबईलाही पोचेल. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, “वहिनी काहून बसत नाहीत?” दुसरा म्हणाला, “सवारीबिगर कशी काय जाईन?” आणि कमलाकांतनं तोंड उघडायच्या आत भगवंतरावांच्या पत्नी माणिकबाई पुढे आल्या. त्या धाकट्या मुलीच्या लग्नातला शालू नेसल्या होत्या. चांगल्या, प्रेमळ, आडव्या अंगाच्या बाई. रात्री त्यांनीच शैलाच्या पायांना तेल लावायला बाई पाठवली होती. “अहो, थकली ती बिचारी,” त्या म्हणाल्या. “मी बसते बाळापूरपर्यंत. अमरावतीच्या बायका बसतात, मग अकोल्याच्या का नाही बसायच्या? काय हो?” भगवंतराव म्हणाले, “बस, बस! पुढे खामगावच्या मंडळींना तार करतो, तिथलीही कुणी तयार ठेवतील.” टाळ्या पडल्या. माणिकबाईंनी शैलाच्या गालावरून हात फिरवला, “तू काळजी करू नकोस हो,” म्हणाल्या, आणि शेजारच्या दोन बायकांच्या खांद्यांचा आधार घेऊन चढल्या. रिक्षाच्या सीटखालच्या स्प्रिंगा करकरल्या आणि सीट चाकांवर टेकेल इतकी खाली आली. कुणीतरी त्यांच्या मांडीवर लाडवांचा डबा दिला.

“थांबा,” शैला म्हणाली. पण बॅंड सुरू झाला होता.

कमलाकांतनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो पायडलवर चढला, उभा राहिला, सगळं अंग एका पायावर टाकलं. रिक्षा हलली नाही. समोर मोर्णेच्या पुलाकडे रस्ता थोडा चढत होता. त्यानं दुसरा पाय टाकला. मानेची शीर ताठ झाली आणि तिथे काहीच हललं नाही, बराच वेळ हललं नाही. “अरे, हात लावा रे!” भगवंतराव ओरडले. माणसं धावली, पाठीमागच्या पत्र्याला, टपाच्या काड्यांना, जिथे जागा मिळेल तिथे हात लागले. शैलाच्या लक्षात आलं की आपलेही हात तिथे आहेत. तिनं ते काढून घ्यायला हवे होते. पण ते काढले तर तेवढा भार त्याच्या पायांवर पडणार होता, आणि लावले तर रिक्षा जाणार होती. ती जोर लावू लागली. तिनं आयुष्यात कुठलीही गोष्ट इतक्या जोरानं ढकलली नव्हती. निळी अक्षरं तळव्यांखाली ओली लागत होती. सकाळी नव्यानं रंगवली असावीत. चाकं हलली, फिरली, लोक जयजयकार करत पळू लागले, तीही पळाली, एक हात सुटला, मग दुसराही पत्र्यापर्यंत पोचेनासा झाला. रिक्षा आपल्या वेगानं पुलावर चढली आणि माणिकबाईंच्या शालूआड त्याची पाठ दिसेनाशी झाली.